जर्मनचे पातेले

प्रिय स्नेहल,

रविवारी फोनवर तू जे सांगितलेस त्यावर मी नुसते "बरं" म्हणालो आणि विषय बदलला. तुझा शोधनिबंध छापून आला, वर्तमानपत्राने त्याचा मथळा केला, आणि आता तुझ्याच दुसऱ्या, कितीतरी मोठ्या पाहणीत तो निष्कर्ष टिकला नाही. ॲल्युमिनियमच्या, आपल्या घरच्या भाषेत जर्मनच्या, भांड्यात आंबट शिजवणे आणि मूत्रपिंडाचा आजार यांचा तुला दिसलेला संबंध या वेळी दिसला नाही. तुझे मार्गदर्शक म्हणतात, कशाला छापतेस, लोक आपोआप विसरतील. तुझे मात्र ठरत नाही. मला तोंडी नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

ते पातेले आम्ही रविवार कारंज्याजवळच्या भांडीबाजारातून आणले, लग्नानंतर लगेचच. जेलरोडला एक खोली, वातीचा स्टोव्ह, आणि दुकानात स्टीलच्या भांड्यांवरून नुसता हात फिरवून पुढे सरकणारी तुझी आई. "हे हलकं आहे, लवकर तापेल, रॉकेल कमी लागेल," असे तिने मला पटवले. वास्तविक ती स्वतःलाच पटवत होती. त्यात ती चिंचगुळाची आमटी करी. गूळ नेहमी कमी पडे. ओझरच्या कारखान्याची बस येण्यापूर्वी तीच आमटी डब्यात भरली जाई, आणि दुपारी स्टोअर्समधले माझे सहकारी चिमाजी पवार पहिला घास घेऊन म्हणत, "वहिनींचं आज पुन्हा तुमच्याशी वाजलेलं दिसतंय." तरी डबा तेच संपवत.

त्या स्टोअर्समध्ये आमची एक पद्धत होती. आलेल्या मालातल्या अनेक पेट्या तपासल्या की एखादी मापात बसत नसे. पण दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजल्याशिवाय तिच्यावर नापासाची लाल चिठ्ठी लावायची नाही. तू पहिल्या पाहणीत पिण्याच्या पाण्यापासून अंगदुखीच्या गोळ्यांपर्यंत चाळीसेक गोष्टी विचारल्यास. इतक्या ठिकाणी शोधल्यावर एखादी गोष्ट निव्वळ योगायोगानेही वेगळी दिसते, एवढे तर बी.कॉम.च्या संख्याशास्त्राने मलाही शिकवले आहे. लाल चिठ्ठी घाईने लागली खरी; पण तूच पुन्हा मोजून पाहिलेस, हे मला महत्त्वाचे वाटते.

योगायोगाखेरीज आणखी एक कारण असावे, आणि ते तुला पुण्यात बसून दिसले नसेल. तुझी आई डायलिसिसवर असताना भेटायला येणारा प्रत्येक जण स्टुलावर टेकताच विचारी, काय खाण्यात आलं होतं? पेठहून माझी कुसाआत्या आली, बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवला आणि म्हणाली, "सूनबाई, जर्मनमधी लय आंबट शिजवलं तू. तेच बाधलं, दुसरं काय नाय." तुझी आई हसून म्हणाली, "आत्याबाई, मग पातेलं पुसून खाणाऱ्या तुम्ही इतक्या ठणठणीत कशा?" पण पुढच्या पाहुण्याला तो किस्सा तिनेच सांगितला. त्यानंतर आलेल्यांनी तिला तोच प्रश्न विचारला, आणि हळूहळू "कधीकधी"चे "रोज" झाले. तू रांगायला लागलीस तेव्हापासून आपल्याकडे आमटी स्टीलच्या पातेल्यातच होत असे. तरीही ऐकून ऐकून मलासुद्धा जर्मनचेच आठवू लागले.

तुझ्या पाहणीतल्या आजारी माणसांपाशीही असेच पाहुणे बसले असतील. त्यांची आठवण अशी घासून लख्ख झालेली. निरोगी बाईला मात्र तुमच्या पाहणीसाठी फिरणाऱ्या मुलींनी दारात विचारले, तेव्हा आत कुकरची शिट्टी होत असेल. ती म्हणाली असेल, स्टीलच असणार, लिहा. खोटे कोणीच बोलले नाही. आजाऱ्याला भेटायला जाण्याची आपली रीतच तुझ्या आकड्यांत उतरली. नव्या पाहणीत माणसे धडधाकट असतानाच त्यांची भांडी नोंदवली होती, म्हणून तिथे ती उतरली नाही. तुला पटले तर हे तपासून पाहा, आणि नव्या निबंधात लिही.

आता मुख्य गोष्ट. तू थांबली आहेस ती केवळ स्वतःच्या नावासाठी नाही, हे मला समजते. पहिला निबंध तू आईला अर्पण केला होतास. तेही कारण गेले, तर ती का गेली याचे उत्तर माझ्याकडे, तुझ्या अण्णांकडे, उरणार नाही, अशी तुला भीती आहे. माझे उलट झाले होते, स्नेहल. तो मथळा वाचल्यापासून मला जेलरोडची खोली आठवेनाशी झाली. आठवू लागलो की प्रत्येक पळीबरोबर तिच्या ताटात काय वाढले गेले, हाच विचार येई. पातेले मी जुन्या धोतरात बांधून माळ्यावर टाकले होते. भांडे निर्दोष आहे असे तू म्हणत नाहीस, मीही म्हणणार नाही. दोष सिद्ध झालेला नाही, एवढेच. मला तेवढे पुरते. काल ते खाली काढले, चिंचेने घासले आणि त्यात आमटी केली. गूळ कमी पडला. पहिल्या घासालाच ती सगळी खोली परत आली, स्टोव्हच्या वासासकट. तू छापून टाक.

तुझाच,
अण्णा