दस्त्याची खिटी

अमरावती, आश्विन शु. १
घट बसले. सौ. देवघरात, मी ओसरीवर रायफल घेऊन. परतवाड्याच्या कुण्या जंगलसाहेबाने घोड्यावर नेता यावी म्हणून मुद्दाम बनवून घेतलेली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, बिजागरीत दुमडतो. साहेब विलायतेला गेला, रायफल दादांकडे आली. दादा वर गेले, माझ्या गळ्यात.
बिजागरीवर लाल थर. दर दसऱ्याला सौ. हिची पूजा करते, पंचामृतासकट, त्याचा. घासलेट, चिंधी, टाचणी; दोन तास खपून लख्ख केली. खांद्याला लावली तर दस्ता खुळखुळतोय. बिजागरीची खिटी सैल. गेल्या वर्षी तर नव्हती! विलायती माल म्हणे.

शु. ३
शेंदूरजनाघाटहून गंगाराम. संत्र्याचा बगीचा तोच राखतो. रायफलीच्या परवान्यावर राखणदार म्हणून नावही त्याचंच. बहार रंगावर आलाय आणि रानडुकरं झाडांची आळी उकरून मुळ्या वर काढतात. गेल्या साली एकाने याची पोटरी फाडली, अजून लंगडतो.
"वकीलसायेब, दसऱ्याले रायफल द्या. डबा वाजवून मी थकलो. डुकरं आता डब्याच्या तालावर खाऊन राहिले."
देतो म्हणालो. बोलून बसलो.

शु. ४
गुजरीतला लोहार: "बैलबंडीची खीळ म्हणा, आत्ता बसवतो. बंदुकीले हात लावला तं मलेच आत बसवतील." बंदुकांचा परवानेवाला मिस्त्री अकोल्याला.
घरी येऊन स्वतःच उद्योग. खिटीला कागद गुंडाळून ठोकली. कागद माझ्याच जुन्या लेखाचा, शस्त्रपूजेची टवाळी केली होती तो. माझं लिखाण प्रथमच कुठे तरी घट्ट बसलं. दस्ता एकदा दुमडला, लेखाचा भुगा.
सौ. आतून: "तो मी जपून ठेवला होता."
का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

शु. ५
परवाना अमरावती जिल्ह्यापुरता. अकोल्याला न्यायची तर कचेरीची चिठ्ठी हवी. कारकून म्हणतो, "दुरुस्तीला? म्हणजे नादुरुस्त? मग परवाना चालू कसा?" वीस वर्षं वकिली केली, असा उलटतपास पहिलाच. कचेरीचे साहेब चिखलदऱ्याला. हवा चांगली आहे म्हणे तिथली.
वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, राज्य इंग्रजाचं, हुकूम नागपूरचा. एवढे मालक असून एक खिटी कुणाला आवरत नाही.

शु. ७
साहेब उतरले. सही झाली. चिठ्ठीची मुदत दसऱ्यापर्यंतच. भांडलो. उपयोग शून्य.

शु. ८, अकोला
बडनेऱ्याहून सकाळची गाडी. मिस्त्री करीमभाई, सत्तरीचे, चष्म्याची एक काडी म्हणजे दोरा. खिटी काढली, भोकात सुई फिरवली. सुईला लाल भुकटी. हुंगली.
"घरात हिची पूजा होते?"
"बायको करते."
"किती साल?"
"वीसेक."
"तूप, मध, कुंकू. जमून दगड झालता. खिटी तं कवाचीच झिजली, वकीलसाब. बाईनं धरून ठेवली होती. साफ कोनं केली?"
मी छताकडे पाहिलं.
"मंग बिघडवली तुमीच."
नवी खिटी खरादावर कातून काढायला पंधरा दिवस. चिठ्ठी दोन दिवसांची. मग म्हणाले, दस्ता उघडाच पक्का ठोकून देतो. पण परवान्यावर 'दुमडणारा' लिहिलंय. न दुमडणारी रायफल म्हणजे सरकारलेखी दुसरीच, बिनपरवान्याची. विचारलं, पुन्हा कुंकू भरलं तर?
"भरा ना. वीस साल भरा."
निघताना मात्र हसले नाहीत. "अशी उडवू नका कोनी. धक्क्यानं दस्ता दुमडला तं नळी कोनाकडे पाहील, अल्लाले मालूम."

शु. ९
सौ.ला सगळं सांगितलं. दोन दिवस ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, "ओसरीला घासलेटाचा वास अजून येतोय." याहून शिव्या बऱ्या.
मुदत वाढवायला गेलो. कचेरीला कुलूप, दसऱ्याच्या सुट्ट्या.

शु. १०, दसरा
गंगाराम सकाळीच हजर. झेंडू आणला, आणि डुकरांनी उपटलेलं एक कलम, पुरावा म्हणून. कोर्टात असा अशील कधी भेटला नाही.
पूजा. सौ.ने यंदा काडीने तूप, मध, कुंकू बिजागरीत दाबून भरलं, सावकाश, माझ्याकडे न बघता. पाटावर ठेवली. दस्ता गप्प.
गं. खूष. "झाली की घट्ट! बाईसायेबाच्या हाताले यश हाय."
मिस्त्रीचं बोलणं त्याला सांगितलं, शब्द न् शब्द. पोटरीवरून हात फिरवत म्हणाला, "मिस्त्री येते का मंग डुक्कर हाकायले? सैल रायफल मले बरी. हातात काहीच नसन तं डुकराले तेबी समजते, सायेब."
नाही म्हणावं तर तो डबा घेऊन जाणार, हो म्हणावं तर ही रायफल.
त्याची वरूडची मोटार चारला. आता साडेतीन. गं. ओसरीवर, धोतर खोचून तयार. सौ.ने त्याची शिदोरी बांधली, रायफलीचं माझ्यावर सोडलं. एवढंच म्हणाली, "हलवून बघू नका."
अजून हलवली नाही.