हनुवटीवरचं ॲसिड

आप्पा,

तुमच्या हनुवटीवर रुपयाएवढ्या जागेत दाढी यायची नाही. कुळगावच्या घराच्या ओट्यावर तुम्ही बसला आहात, मी तुमच्या मांडीवर, आणि त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवतोय. "कंपनीत ॲसिड उडालं," तुम्ही सांगता. शाळेत मी ते ऐटीत सांगत फिरलो. पुढे कित्येक वर्षं अंबरनाथला त्या कंपनीच्या गेटसमोरून जाताना मनातल्या मनात शिव्या हासडल्या. बिचारी कंपनी!

मागच्या महिन्यात माझ्याही दाढीत तसाच चट्टा पडला. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फादर को ऐसा कुछ था?" मी म्हणालो, नाही, त्यांना ॲसिड लागलं होतं. शेजारी बसलेली आई फिसकन हसली. "कसला ॲसिड न् कसला काय! चाई व्हती ती. लोकं लागट रोग समजतील, हातचं पानी पिनार नाय, म्हनून ॲसिड सांगायचे."

चाई लागट नसते, आप्पा. बाई म्हणाल्या, शरीराचीच फौज केसांच्या मुळांवर उलटते. अशा काही जणांत साखर, चरबी, रक्तवाहिन्या यांचीही गडबड सापडते. सगळ्यांत नाही, पण तपासलेलं बरं. तुम्ही कशाने गेलात ते त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हार्ट. त्यांनी लगेच रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

रिक्षात आई हळूच म्हणाली, "त्यांनाबी डाक्टरनं रगत तपासाला सांगितलं व्हतं. नाय गेले. कंपनीतला कुनी दवाखान्यात बघील, म्हनायचे." इतकी वर्षं का बोलली नाहीस, म्हणून मी तिच्यावर खेकसलो. "गेलेल्या मानसाची अब्रू कशाला काढू?" म्हणाली.

तपासलं असतं तर वाचला असतात की नाही, देव जाणे. पण तुम्ही तपासायला गेलाच नाहीत, थाप उघडी पडू नये म्हणून! लोकांना फसवलंत ते मी समजू शकतो, लोक नावं ठेवायला टपलेलेच असतात. पण मांडीवरच्या पोरालाही? झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण त्या मुठीत माझाही वाटा होता. माझा तुमच्यावर फार राग आहे, आणि भांडायला तुम्ही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जायचंय. बायकोला म्हटलं, साधी तपासणी आहे, तू कशाला येतेस. मला भीती वाटतेय, आप्पा, आणि तुमच्याशिवाय कुणाला हे सांगता येत नाहीये.