काचीवायकोची गावकी

काचीवायको, लिपेस
१२ जुलै १९९८

चि. कासियानो यास ताईचे अनेक आशीर्वाद, आणि कानटोपी घालत जा हे वि. वि.

येथे सगळे ठीक. सकाळी ओढ्यावरचा बर्फ फोडल्याशिवाय लामांच्या कळपाला पाणी मिळत नाही. किन्वाचं पीक यंदा जेमतेम झालं.

मुद्द्याचं लिहिते. नववर्षापासून गावकीची पाळी आपल्या घराची आहे. नियम तुला ठाऊक आहे. एक बाई, एक पुरुष, दोघांनी मिळून कारभाऱ्याच्या काठ्या घ्यायच्या आणि वर्षभर गावाचा कारभार बघायचा. इलारिओन वारल्यापासून मी एकटी. पाळ्या ठरवणारे गुमेर्सिंदो काका म्हणतात, नवरा नसेल तर भाऊ चालेल. पाळी चुकवली तर ज्वालामुखीखालचं पाणथळ कुरण दुसऱ्या घराकडे जाईल. मग आपल्या लामांनी काय राख चरायची? जमीन राखणाऱ्याचीच, असं तू तिकडे चौकात गरजतोस म्हणे. इकडे ये आणि राख.

लोभ आहे, तो कामाला येऊ दे.
तुझी एउसेबियाताई

---

पोतोसी
३ ऑगस्ट १९९८

ती. ताईस शि. सा. दंडवत.

या महिन्यात येतोच आहे. माझ्या शाळेतला शिक्षक लेआंद्रो आणि त्याची बायको खुस्ता सोबत आहेत. जीप ठरवली आहे. त्यांना तांबडं सरोवर, वाळवंटातले वाऱ्याने कोरलेले खडक, वाफेची कुंडं, सगळं बघायचं आहे. एक मुक्काम तुझ्याकडे. खुस्ताला लामाचं मांस चालतं, लेआंद्रो नाटकं करतो.

गावकीचं मात्र जमणार नाही. शाळा आहे, शिक्षक संघटना आहे. आणि मुळात पुरुषाशिवाय बाईच्या हाती काठी द्यायची नाही, हा कुठला न्याय? कुरण तू राखतेस, ओढ्यावरचा बर्फ तू फोडतेस. तू एकटी पुरेशी आहेस. बैठकीत मी हे तोंडावर सांगणार आहे.

रागावलीस तरी प्रेम कमी करू नकोस.
तुझा कासियानो

---

काचीवायको
२३ ऑगस्ट १९९८

चि. कासियानो यास आ.

भाषण छान झालं. बायका अजून तुझी नक्कल करतात. पण तू दोन्ही हात पसरून बोलत होतास आणि काकांनी त्या हातांवर कोकाची पानं ठेवली. तू ती खिशात घातलीस, वाक्य पुरं केलंस आणि जीपमध्ये बसलास. दोन्ही हातांनी पानं घेणं म्हणजे गावकी पत्करणं, हे तू विसरलास की काय? सगळा गाव म्हणतोय, कासियानो कबूल झाला.

तुला नको असेल तर पानं न चघळता ट्रकवाल्याबरोबर परत पाठव. कुरण जाईल, पण तुझ्यावर जबरदस्ती नको. इथल्या उंचीने खुस्ताचं डोकं दुखत होतं, ते थांबलं का?

ताई

---

पोतोसी
९ सप्टेंबर १९९८

ती. ताईस शि. सा. न.

पानं परत पाठवता येत नाहीत. सरोवराच्या पुढे खिंड चढताना लेआंद्रोच्या नाकातून रक्त आलं. खुस्ता पुन्हा डोकं धरून बसली. चढाचा त्रास झाला की आपण कोका चघळतो, त्या सवयीने मी खिशातली पानं काढली आणि तिघांनी वाटून चघळली. बाहेर सगळीकडे लालसर माती, एक झुडूपसुद्धा नाही, आणि आम्ही गुरांसारखे रवंथ करत बसलो. उतरणीवर पोचेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. लेआंद्रो आता स्वतःला तृतीयांश कारभारी म्हणवतो.

हात पसरणं ही माझी बोलण्याची ढब आहे, संमती नव्हे. हे काकांना सांग. सोबत गावासाठी निवेदन जोडलं आहे. माझा वाटा मी जाहीरपणे तुला देतो. ते बैठकीत वाचून दाखव.

तुझ्या मायेचा धनी,
कासियानो

---

काचीवायको
१७ जानेवारी १९९९

चि. कासियानो यास ताईचे आशीर्वाद वि. वि.

निवेदन वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ठरवलं की पानं तू खाल्लीस, तेव्हा कारभारी तूच. तू शहरात राहायचं, काम मी करायचं, नाव तुझं. बायकांच्या न्यायावर तू इतकं बोललास त्याचं हे फळ.

मी म्हटलं, ठीक आहे, मग तो येईपर्यंत थांबा. आणि घरी येऊन लोकर कातत बसले. कुरणात पाण्याचे पाट वाटून द्यायचे होते, ते कारभाऱ्याशिवाय होत नाही. दोन घरांची भांडणं जुंपली. चौथ्या दिवशी काका दारात आले. काठी घेऊन चल म्हणाले. मी विचारलं, कुणाच्या नावाने? त्यांनी काठी माझ्यापुढे धरली. मग माझं नाव घेतलं. एकट्या माझं. कुरण राहिलं.

पहिला हुकूम कालच दिला. तुमच्या जीपने कुरणात पाडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचून गोठलं होतं, त्यात एका पिल्लाचा पाय मोडला. यापुढे कुठलीही जीप कुरणातून जाणार नाही. लेआंद्रो-खुस्ताला घेऊन पुन्हा आलास तर खडकाळ बाजूने वळसा घालून ये. अर्धा दिवस जास्त लागेल. कारभारणीच्या भावाला सूट नाही.

येत जा मात्र.
एउसेबिया