उरलेली गोष्ट शुद्धीवर आल्यावर

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाई आल्या! सात नंबरच्या खाटेवर, ऑपरेशनसाठी. केसपेपरवरचं नाव दोनदा वाचलं. मी शिकाऊ नर्स होते तेव्हाच्या आमच्या वॉर्डच्या सिस्टर. वय अठ्ठ्याहत्तर. आतड्यात गाठ. सोबत फक्त भाची.

"ओळखलंत का मला?"

चष्म्यावरून पाहिलं. "भिंगरी ना तू? अजून धावतेसच."

एकतीस वर्षांनी पहिलं वाक्य हे! हसले, आणि पुसायचं फडकं शोधल्यासारखं करून बाहेर पळाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर जुना वॉर्ड डोळ्यांपुढे. एकच लांबलचक खोली, सव्वीस खाटा, उंच खिडक्या. दुपारी ऊन जमिनीवर यायचं आणि आम्ही पोरी त्यात बसून गॉजच्या घड्या घालायचो. कोपऱ्यात उकळणाऱ्या सिरिंजांचा खळखळाट. बाईंच्या टेबलावर निळा थर्मास, त्यांचा स्वतःचा चहा. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती! आता सगळं पाकीटबंद येतं. सोयीचं आहे, नाही कोण म्हणतं? पण त्या घड्या घालताना जेवढं हसलो, तेवढं पुन्हा कुठे हसले नाही.

आणि बाईंची ती रीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटजवळ बसायचं आणि त्याच्याकडून एक गोष्ट ऐकायची – अर्धीच! ऐन रंगात आली की उठायचं. "उरलेली शुद्धीवर आल्यावर." आम्ही विचारलं, कशाला हो बाई? म्हणाल्या, "अर्धी गोष्ट पोटात असली की माणूस परत येतो. आणि नाव काय, गाव काय, हे विचारण्यापेक्षा डोकं ठिकाणावर आहे की नाही, ते पटकन कळतं."

मी अजून तसंच करते. माझ्या हाताखालच्या पोरींना वाटतं, म्हातारीला गप्पांचा सोस.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तपासण्यांचे कागद आले. हृदय कमजोर. भूल देणाऱ्या डॉक्टर स्पष्टच म्हणाल्या, "सिस्टर, टेबलावरून परत येतील याची खात्री मी देणार नाही." सोमवारी पहिला नंबर.

म्हणजे माझ्याकडे चार दिवस. माफी मागायला एकतीस वर्षं मिळाली होती, तेव्हा काय केलं?

लिहूनच टाकते, कधी लिहिलं नाही. दुसऱ्या वर्षाला होते. अकरा नंबरला एक शिंपी, हर्नियाचा. भुलेआधी पोटात पाणीही नको, म्हणून आदल्या संध्याकाळी त्याच्या उशाची पाण्याची बाटली उचलायचं काम माझं. विसरले. सकाळी भूल देताना त्याला उलटी झाली, ती फुप्फुसात गेली. पोट रिकामं नव्हतं. एकोणीस दिवस मशिनवर. वाचला, पण खोकला जन्माचा लागला, शिवणयंत्र सुटलं.

चौकशीत बाई उभ्या राहिल्या. "त्याला प्यायला मी दिलं. या मुलीचा दोष नाही." मेट्रन होणार होत्या त्या! त्याऐवजी खाली इंजेक्शनच्या खोलीत पाठवलं, निवृत्त होईपर्यंत, अकरा वर्षं. माझ्यासाठी खोटं बोलल्या, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

तेव्हापासून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या बाटल्या मी स्वतः उचलते. पाठीमागे पोरी मला 'बाटलीवाली' म्हणतात. म्हणोत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंसाठी चहा नेला. "सोडला," म्हणाल्या. कधी, म्हटलं, तर कूस बदलून झोपल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी बाईंची बाटली उचलली. त्या बघत होत्या.

बसले. "बाई, त्या बाटलीबद्दल मला तुमची–"

"गप. गोष्ट पेशंट सांगतो. रीत विसरलीस?"

मग त्यांनीच सुरू केली. "त्या सकाळी मी राउंडला होते. तुम्ही पोरी नाश्त्याला गेला होतात. अकरा नंबरचा शिंपी जागाच होता. माझ्याकडे बघून कसनुसं हसला, आणि म्हणाला…"

थांबल्या. डोळे मिटले. "ऊठ आता. उरलेली शुद्धीवर आल्यावर."

माझाच डाव माझ्यावर! रडू आलं, आणि रागही. उद्या नाहीच उठल्या तर?

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी तयारी मीच केली. पोट साफ, गाऊन, हातात नावाची पट्टी. अंगठी निघेना, साबण लावून काढली. मग कवळी. बाईंनीच शिकवलेलं – कवळी मागताना समोर उभं राहायचं नाही, माणसाला लाज असते. मी पाठ फिरवली आणि वाटी मागे धरली. टक्कन आवाज झाला. मागून बोबडं आलं, "शाबाश."

दरवाज्यापर्यंत गेले. पुढे थिएटरवाल्यांचं राज्य. चार तास. मी त्या चार तासांत औषधांचं कपाट तीनदा लावलं.

आल्या! श्वास चालू, नाडी मंद. दर पंधरा मिनिटांनी बीपी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डोळे उघडले, पण ओळख नाही. मला "आई" म्हणाल्या. पाणी, पाणी, पाणी. देता येत नाही. ओला गॉज ओठांवर फिरवला, तर तो चोखायला लागल्या. बघवत नव्हतं. गोष्ट विचारली. "कुठली?" म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तसंच. भाची रडतेय. खोकायला सांगितलं की टाक्यांना आधार म्हणून उशी आपसूक पोटाशी धरतात. हातांना सगळं आठवतंय. बाई कुठेत?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वारा सरला! आतडं चालू! सर्जन साहेबांना फोन करून सांगितलं, जणू नातू झाला. आणि वर बाई डोळे वटारून, "भिंगरी, गावभर दवंडी पिटू नकोस." परत आल्या! उद्यापासून घोट घोट द्यायला परवानगी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाणी नेलं, तर म्हणाल्या, "चहा." सर्जन साहेबांना विचारून अर्धा कप आणला. हातात धरला, प्यायल्या नाहीत. उरलेली गोष्ट सांगितली.

शिंपी म्हणाला होता, "बाई, काल दिवसभर उपाशी ठेवून ऑपरेशन रद्द केलंत. आज परत उपाशी. जीव जातोय." बाईंना दया आली. त्यांनी थर्मास उघडला आणि त्याला कपभर चहा पाजला.

"आणि माझी बाटली?"

"गळ्यापर्यंत भरलेली होती गं. त्याने हातसुद्धा लावला नव्हता. चौकशीत मी खरं तेच सांगितलं."

त्याच पुढे म्हणाल्या, "तू कधी खाली आली नाहीस. वाटलं, बरोबर आहे. पेशंटचं वाटोळं करणाऱ्या बाईचं तोंड कशाला बघेल?"

अकरा वर्षं त्या खाली, मी वर. मधे एकच जिना होता.