दुसरा हात

आप्पा, आज सकाळी तुमच्या शेडच्या दारात मी गाडीच्या मागे मोटरसायकल बांधली, आणि बांधून झाल्यावर पहिल्यांदाच तुमच्यासाठी थांबले नाही. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. पण सांगायचं तर मुळापासून सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा ही मोटरसायकल नव्हती, ही गाडी नव्हती, आणि जिची ही मोटरसायकल ती तुमची नात अजून माझ्या पोटात होती.

आता ती कॉलेजात जाते. लहानपणी तिला दसऱ्याला बन्नीमंटपच्या मैदानावर मशालींची कवायत दाखवायला न्यायचो, तेव्हा बाकीची पोरं मशालींकडे बघायची आणि ही धावत्या मोटरसायकलवर उभं राहणाऱ्या जवानांकडे. आपले पूर्वज महाराजांच्या फौजेत घोड्यावर होते असं तुम्ही मोठ्या ऐटीत सांगायचात आणि लगेच म्हणायचात, "आन् आम्ही लोकांच्या खिडक्यांना गज लावतोय." तुमच्या नातीनं घोडं परत आणलं म्हणा. ही मोटरसायकल रस्त्यावरची नव्हे. तिला दिवे नाहीत, नंबर नाही. ती मातीत, चिखलात, उंचवट्यांवरून उड्या मारत चालवायची. पिरियापट्टणजवळ एका तंबाखूवाल्याचं पडीक रान आहे, रविवारी तिथे ही सगळी वेडी मंडळी जमतात. आणि रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून तिथवर ती वाहून न्यावी लागते. घोड्याला पालखी.

ती पालखी मी मेटगळ्ळीत तुमच्याच शेडमध्ये केली. शेड मीच चालवते आता. गेट, जिने, कठडे, जे येईल ते. गाडीच्या मागच्या बंपरखाली चेसिसला एक चौकोनी नळी पक्की केली आहे. तिच्यात कॅरियरचा दांडा सारायचा, आरपार पिन घालायची, म्हणजे गाडीच्या पाठीशी एक लोखंडी पन्हळ आडवी धरली जाते. त्या पन्हळीत मोटरसायकलची दोन्ही चाकं चढवून तिला आडवी उभी करायची, आणि हँडलच्या दोन्ही बाजूंनी खाली पट्टे ओढून कसायचे. पुढचे शॉकअप दाबले जाईपर्यंत कसायचे; ती दाबलेली स्प्रिंगच मग पट्ट्यांना ताणून धरते. गाडीची नंबरपाटी आणि मागचे दिवे झाकले जातात, म्हणून कॅरियरला वेगळी पाटी आणि दिवे लावले. वेल्डिंग बघून तुम्ही नाक मुरडलं असतंत, पण काढायला खोट सापडली नसती.

बांधणं मात्र मला नव्यानं शिकावं लागलं नाही. पिरियापट्टणचा रस्ताच तुमचा. तंबाखूची पानं सुकवायच्या भट्टीघरांत पत्र्याचे जाडे नळ लागतात, जाळाची धग खोलीभर फिरवणारे. ते तुम्ही वळायचात आणि हंगामाच्या तोंडावर टेम्पोत रचून पोचवायला निघायचात. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्या शेजारी. दोर टाकणार तुम्ही, आवळणार तुम्ही, गाठ मारणार तुम्ही, आणि मग मागे सरून हाताची घडी घालून उभे राहणार. कारण शेडचा नियम होता, की ज्यानं बांधलं त्यानं तपासायचं नाही. दुसरा हात लागला पाहिजे. दुसऱ्यानं येऊन दोर दोन्ही हातांनी ओढायचा, गाडी डुलेपर्यंत ओढायचा, आणि मोठ्यानं म्हणायचं, "गट्टी." तेव्हा कुठे टेम्पोला किल्ली लागायची. माझे यजमान पुण्याकडचे, त्यांना हे सांगितलं तर ते हसले. त्यांच्याकडे गट्टी म्हणजे दोस्ती. आपल्या घरात ती कन्नडातून आलेली, घट्ट, पक्कं या अर्थाची. एवढी वर्षं बांधताय आणि स्वतःच्या गाठीवर भरवसा नाही का, असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "आपली गाठ म्हंजे आपला तो बाब्या. तिचं वाकडं आपल्याला दिसत न्हाई." दुसरा हात बहुतेक वेळा माझाच असायचा.

एकदा त्या हातात चुरुमुरीचा पुडा होता. नळ घ्यायला आलेला शेतकरी घाईत होता, मलाही पुडा ठेवायला जागा सापडेना, म्हणून मी एका हातानं दोर जरा ओढल्यासारखं केलं आणि म्हटलं, गट्टी. तुम्ही ओरडला नाहीत. शांतपणे गाठ सोडलीत, अख्खा टेम्पो रिकामा केलात आणि पुन्हा पहिल्यापासून रचायला लागलात. शेतकरी काकुळतीला आला. "साकु अण्णा, बिडी," पुरे झालं, सोडून द्या म्हणाला. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "इवळु इन्नू हेळिल्ला," हिनं अजून सांगितलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "पुट्टी, एका हातानं म्हणलेलं गट्टी खोटं असतंय." मी पुडा टाकून दिला आणि दोर असा ओढला की माझे पाय जमिनीवरून सुटले. तेव्हा तुम्ही हसलात. पुढे दहावी झाल्यावर मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि मला तुम्ही माझ्या मापाचे चामडी हातमोजे शिवून आणून दिलेत. मी रुसले होते तेव्हा. अजून वापरते ते.

तुम्ही शेडमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या गेलात, चहाचा ग्लास अर्धा ठेवून. मला पाचवा महिना होता, म्हणून बायकांनी मला जवळ येऊ दिलं नाही. पोटुशीनं बघू नये म्हणे. मी आतल्या खिडकीत उभी होते. माणसांनी अंगणात तिरडी बांधली, सुतळीचे वेढे घातले, गाठी मारल्या, आणि ज्यांनी बांधली त्यांनीच उचलली. कुणी मध्ये आलं नाही, कुणी ओढून बघितलं नाही. सगळे रडत होते आणि मी गजांना धरून एकच विचार करत होते, की आप्पांना दुसरा हात लागला नाही. हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर दुःखानं हिचं डोकं फिरलं म्हणाले असते.

म्हणून असेल कदाचित. पालखी तयार झाल्यावर पहिल्या रविवारी मी मोटरसायकल बांधली, लेक हेल्मेट आणायला आत गेली होती, आणि जुन्या सवयीनं मी पट्टा सोडून मागे सरले, हाताची घडी घातली. दारात कुणी नव्हतं. आणि मोटरसायकल एकदा दबली, वर आली, गाडी किंचित डुलली. दाबलेली स्प्रिंग आहे, बसते आपल्या जागी, हे मला कळतं. लोखंडातच आयुष्य गेलं माझं. पण माझ्या तोंडून "गट्टी" निघालं, आणि तो आवाज माझा नव्हता, तुमचा होता. त्यानंतर मी दर वेळी थांबत आले. बांधायचं, मागे सरायचं, वाट बघायची. कधी लगेच हलायची, कधी जरा वेळानं, पण हलायचीच. मग म्हणायचं आणि निघायचं. भीती वाटायची का म्हणाल तर हो, वाटायची. पण ती हवीशी वाटायला लागली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

रस्त्यावर तर तुम्ही पाठच सोडायचा नाहीत. आरशात मागच्या काचेतून हँडलचं एक टोक दिसतं, काचेकडे आलेलं, कोपर काढून कुणी मागे बसल्यासारखं. हिनकल ओलांडून वेग वाढला की पट्टे वाजायला लागतात. दोर असे वाजत नाहीत. पट्टा सपाट असतो, वाऱ्यात थरथरतो आणि त्याचा एकसुरी घुंकार गाडीभर पसरतो. टेम्पो चालवताना तुम्ही नाकात गुणगुणायचात ना, ना चाल ना शब्द, अगदी तसा. लेक कानात वायरी घालून बसलेली असते, तिला काही ऐकू येत नाही. मी ऐकत पिरियापट्टणपर्यंत जाते आणि ऐकत परत येते.

मागच्या रविवारी येताना काय झालं ते ऐका. रान ओलं होतं, लाल चिखल. लेक दमून पुढच्या सीटवर झोपली. मी एकटीनं मोटरसायकल चढवली, पट्टे कसले, मागे सरले, थांबले. ती दबली, वर आली. मी म्हटलं, गट्टी. हुणसूर गाठायच्या आधी एक उंच हंप लागला, गाडी उसळली आणि त्यानंतर तुमचं गुणगुणणं बंद झालं. एकदम. मी आरशात बघितलं तर काच रिकामी. हँडल नाहीच. गाडी कडेला कशी घेतली मला सांगता यायचं नाही. एका बाजूचा पट्टा सैल पडून आकडा सुटला होता, पुढचं चाक पन्हळीच्या काठावर आलं होतं, आणि मोटरसायकल दुसऱ्या पट्ट्यावर रस्त्याच्या बाजूला लोंबकळत होती. मागून एक स्कूटरवाला येत होता, पाठीमागे बायको, तिच्या मांडीत तान्हं मूल. तो वळसा घालून थांबला. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "नोड्कोंडु कट्टी, मेडम." बघून बांधा. ती बाई मुलाला पदराखाली घेत माझ्याकडे बघत राहिली. ते डोळे आठवडाभर माझ्या मागे होते.

लेक उठून आली. डोळे चोळत एकदाच खाली बघितलं आणि म्हणाली, "अम्मा, चाकाखाली बघ की. मण्णु हाय." माती. चिखलाचा लोंदा टायरला चिकटून पन्हळीत आला होता, त्याच्यावर चाक टेकवून मी पट्टे कसले होते. हंपावर लोंदा फुटून पडला, चाक खाली बसलं, पट्टा सैल. डोळे असलेल्या कुणालाही दिसला असता. आप्पा, मी तुमच्यावर इतकी चिडले आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. पाठोपाठ येता, गुणगुणता, गाडी हलवता, आणि चाकाखालची माती तुम्हाला दिसत नाही? रस्त्याच्या कडेला बसून मी मोठ्यानं रडले. माझ्याच गाठीला मी माझाच हात लावत होते आणि त्याला तुमचा हात म्हणत होते.

लेकीनं पाणी दिलं. मग विचारलं, "तू बांधून झाल्यावर कुणासाठी थांबतीस गं? मी आतनं बघती की दर वेळी. एकटीच उभी असतीस. मग कायतरी बोलतीस." मी सगळं सांगितलं. दुसरा हात, चुरुमुरी, तिरडी, सगळं. मला वाटलं हसेल, नाहीतर घाबरेल. तिनं सुटलेला आकडा उचलून पदरानं नव्हे, स्वतःच्या बाहीनं पुसला. "मग मला का नाय बोलावलीस? मी हाय नं इथं," म्हणाली. तिला बोलावलं असतं तर तुम्हाला यायला कारण उरलं नसतं. हे तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते आहे.

आज सकाळी मी बांधलं आणि मागे सरून तिला हाक मारली. तुम्ही मला दिलेले हातमोजे तिला घट्ट होतात, तिनं ते तसेच ओढून चढवले. आधी वाकून दोन्ही चाकांखाली बघितलं, बोटानं पन्हळ खरवडली, मग पट्टा धरून पाय गाडीला लावून असा ओढला की अख्खी गाडी डुलली. "गट्टी!" समोरच्या वर्कशॉपमधले लोक वळून बघायला लागले. मी लगेच आत बसले, किल्ली फिरवली, आणि पहिल्या वळणापर्यंत आरशात बघितलं नाही. तुम्ही दारात उभे असलात तर काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

आणखी एक. लेकीनं फोनवर कुठेतरी बघून दोन्ही पट्ट्यांना मधोमध एक एक पीळ दिला होता. पीळ असला की वारा कापला जातो आणि पट्टा थरथरत नाही. हिनकल गेलं, इलवाल गेलं, हुणसूर गेलं, गाडीत आवाज म्हणून नाही. "किती शांत नं, अम्मा?" ती म्हणाली. मी हो म्हटलं. एवढा लांब तो रस्ता मला आजवर कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी परत निघताना चाकं काठीनं खरवडून, धुऊन मी पुन्हा बांधलं. तिनं पुन्हा दोन्ही हातांनी ओढलं. मग विचारलं, "ह्या बाजूचा पीळ का काढलीस?" मी म्हटलं, "आवाज बंद झाला की पट्टा सैल झाल्याचं कळतंय, म्हणून एक तरी वाजता असावा." तिला पटलं. खोटं नाही ते, मागच्या रविवारी तसंच कळलं होतं. हे सगळं लिहून मी कुठे टाकणार, तुमच्या चहाच्या ग्लासाखाली? पण तुम्हाला म्हणून सांगते, पीळ त्यासाठी काढला नव्हता. हुणसूर सुटलं, नात मान टाकून झोपली, रस्ता मोकळा होता. मी गाडी जरा पळवली, आणि तुम्ही सुरू केलंत.