सुलक्षणाचं पाणी

रामबन, जम्मू
१९ जुलै २०२५

तीर्थरूप आबांना अमृतचा नमस्कार.

न्हाई म्हंजे न्हाई. सुलक्षणाला कामथडीला धाडायची न्हाई. पाय गेले म्हणून माहेरी परत द्यायला बायको काय भाड्याची सायकल हाय? फोनवर तुमी तेच बोललात अन् माझं ऐकायच्या आत फोन ठेवलात. म्हणून लिहितोय. शिवाय हितं पत्र्याच्या खोलीत आमी आठ जण. जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर बोलवत न्हाई.

आईची भातलावणी कुठवर आली? हितं बोगद्याचं काम जोरात हाय. रोज राजमा खाऊन जीव विटला.

तुमी म्हणता दुखणं वाढलं, ती आता उठायची न्हाई. मी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या माझ्यावरच भडकल्या. म्हणाल्या, एमएस हे नसांचं दुखणं. अशा माणसाला लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप आला की पाय लुळे पडतात. ते बरं झालं की बऱ्याचदा पायात जोर परत येतो. तिला जळजळ कळंलच असं न्हाई, म्हणून ताप आला, पाय जड झाले की आधी लघवी तपासायची. मग गोळ्या, अन् दिल्यात तेवढ्या सगळ्या संपवायच्या. तुमी काय केलंत? मागच्या उरलेल्या तीन गोळ्या फळीवरनं काढून दिल्या. ताप दबला अन् दुप्पट होऊन आला. शेवटी मीच चुलत्याच्या बंडूला फोन करून तिला टेम्पोतनं भोरला न्यायला लावलं. तपासणी झाली, औषध चालू झालंय, आता धरलं तर चालते. एवढं तरी पुरं होऊ द्या.

चंद्री म्हशीची लघवी तांबडी झाली तवा तुमी त्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर आणलात. सगळी इंजेक्शनं पुरी करून घेतलीत. दुपारी न चुकता तिला पाणी दावता. अन् घरात...

जाऊ द्या. भांडायला न्हाई बसलो.

आबा, सुलक्षणा दिवसभर पाणीच पीत न्हाई. लई खोदून विचारलं तवा बोलली. "आत्याबाई लावणीला गेल्या की घरात मामंजी एकटे. संडास गोठ्यामागं. त्यांना कसं म्हणू, मला तिकडं न्या?" घोटभर पाण्यावर संध्याकाळ करते, लघवी दाबून धरते. म्हणून हे दुखणं सारखं उलटतंय. म्या म्हटलं, आबांना सांगतो. तर रडाय लागली. "तुमाला माझी शपथ हाय. मग मी त्यांच्या पुढ्यात चहा कुठल्या तोंडानं ठेवू?"

मी शपथ मोडली.

आता तुमीच न्या तिला. दर दोन-तीन तासांनी. ती म्हणणार न्हाई, तुमी विचारा. दंडाला धरून दारापातुर सोडा, पाठ करून लांब उभं ऱ्हावा. आत तिचं ती बघते. सासऱ्यानं सुनेला असं न्यायचं असतं का, असं कुणी म्हणालं तर माझं नाव सांगा. पोराचं डोकं फिरलंय म्हणा. हे लिहिताना मला काय वाटतंय ते मलाच ठाऊक. पण दुसरं कुणाला सांगू?

वेल्डरकडनं घरापासून संडासापर्यंत पाईप बसवून घ्या. धरून जाईल. तोवर तुमचा हात.

हे पत्र तिला दावू नका. नुसता तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवा. काय समजायचं ते ती समजंल.

हितं माझ्यासंगं कामाला असलेला सारोळ्याचा सोमनाथ सुट्टीवर निघालाय. पाईपासाठी त्याच्या हाती साडेसात हजार पाठवतोय.

तुमचा अमृत