आकेसाच्या जन्माआधी

नेइआफू, वावाऊ बेट
दि. ११ मार्च २००७

चि. सौ. सेइनी हिस,

अ. उ. आ. वि. वि. तुझं पत्र शुक्रवारच्या बोटीने हाती पडलं. दिवस राहण्याआधी तू आणि फेलेतीने, दोघा नवराबायकोंनी, वजन उतरवावं असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे वाचून मला इतकं हसू आलं की विणायला घेतलेली चटई बाजूला ठेवावी लागली. अगं, आपल्याकडे बाईची हाडं दिसली की लोक तिच्या नवऱ्याला नावं ठेवतात. लग्नात मी एकशे पंधरा किलोंची होते आणि तानिएला माझ्याहून भारी. सगळ्या गावाने कौतुकच केलं. वर्षभरात आकेसा झाली, चांगली गुटगुटीत. दवाखान्यात लाद्या पुसता पुसता तूही डॉक्टर झालीस की काय?

आकेसा दहाची झाली. हल्ली तिला तहान फार. शाळेतून येते ती थेट पाण्याच्या टाकीवर. वर्गात पेंगते म्हणून बाईंची तक्रार आहे. आणि मळकी किती! मानेमागे काळा पट्टा बसलाय, जाडसर, मखमलीसारखा. रोज नारळाच्या काथ्याने घासते, तरी निघत नाही. परवा रक्त आलं तेव्हा थांबले. ती रडली नाही, नुसती मान पुढे करून उभी राहिली.

जेवताना आमची आठवण काढत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
मेलेआने


मांगेरे, ऑकलंड
दि. २५ मार्च २००७

ती. ताईस,

सेइनीचा शि. सा. न. वि. वि. ताई, आकेसाची मान घासू नकोस. तो मळ नाही. इथे मुलांच्या तपासणीच्या खोलीत अशा माना मी नेहमी पाहते. आधी मलाही मळच वाटायचा. एकदा एका आईला नर्सने समजावून सांगताना ऐकलं, तेव्हा कळलं. शरीराला साखर पेलेनाशी झाली की कातडी तशी काळी पडते. त्यात तू तहान लिहितेस, पेंगणं लिहितेस.

हे पत्र मिळेल त्याच दिवशी तिला इस्पितळात ने आणि रक्त तपासायला सांग. भाओजींना वेळ नसेल तर तू एकटी ने. माझी शंका खोटी ठरली तर मला हवं तेवढं हस, मी रागावणार नाही.

आकेसाला पापा. उत्तराची वाट पाहते आहे, तेवढं ध्यानात असू दे.

तुझी,
सेइनी


नेइआफू
दि. २० एप्रिल २००७

चि. सौ. सेइनी हिस,

अ. उ. आ. वि. वि. हसण्यासारखं काही राहिलं नाही. आकेसाला साखर निघाली. आपल्या आजोबांचा पाय जिच्यामुळे कापला, तीच. गोळ्या दिल्यात, बोट टोचायचं यंत्र दिलंय. डॉक्टरांनी एकेक विचारत शेवटी विचारलं की ही पोटात राहण्याआधी तुमचं वजन किती होतं. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

कालोलाइने वन्सं शेजारीच बसल्या होत्या. आत्या म्हणून पोरीवर पहिला हक्क त्यांचा, त्यांना नको कशी म्हणू? रविवारी जमिनीतल्या भट्टीत भाजलेले कंद काढल्यावर सगळ्यांच्या देखत त्या म्हणाल्या की आमच्या घराण्याचं रक्त चांगलं होतं, पोरगी आईच्या पोटातच नासली. तानिएला खाली मान घालून जेवत राहिला. बहिणीपुढे भाऊ बोलत नाही, ही आपली रीत. पण त्या दिवशी ती रीत मला फार जड गेली. चर्चच्या गाण्याला जायचं मी सोडलं आहे. बायका सरकून जागा देतात, आणि मग गप्प होतात.

तू मोठ्या दवाखान्यात असतेस. विचारून मला खरं काय ते कळव. माझ्यामुळे झालं का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

काथ्या मी चुलीत घातला. मानेवरची खपली अजून आहे.

तुझी ताई


मांगेरे, ऑकलंड
दि. ६ मे २००७

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. काम संपल्यावर डॉक्टरीणबाईंच्या दाराशी थांबले आणि विचारलं. दिवस राहण्याआधी आईचं वजन फार असलं तर मुलाला पुढे लठ्ठपणा आणि साखर होण्याची शक्यता वाढते. तुला खोटं लिहिणार नाही, हे खरं आहे. पण शक्यता वाढते म्हणजे होतंच असं नाही. कितीतरी मुलं ठणठणीत असतात. आणि कुणाचं नेमकं कशामुळे झालं, हे त्यांनाही सांगता येत नाही.

त्या आणखी एक म्हणाल्या. बापाचं वजनही यात धरायला हवं. त्याला कुणी विचारत नाही, एवढंच. ही ओळ भाओजींना वाचून दाखव.

आता माझं. मला तिसरा महिना आहे. वजन उतरवायचं ठरवलं होतं, चार किलो उतरलंही होतं, तेवढ्यात दिवस राहिले. फेलेती नाचला. मी न्हाणीघरात जाऊन आरशात मान मागून बघितली. ताई, मला आनंद व्हायला हवा ना?

तुझ्या मायेची आजच्याइतकी गरज कधी नव्हती.

सेइनी


नेइआफू
दि. २८ मे २००७

चि. सौ. सेइनी हिस,

अ. उ. आ. वि. वि. बाळाची बातमी वाचून मी गुडघे टेकले. आनंद हो. भीती असली तरी हो.

तुझं पत्र मी तानिएलाला एकटा गाठून दाखवणार होते. पण वन्सं आल्या आणि पुन्हा तोच विषय निघाला. मग मी तिथेच, त्यांच्या समोर, ती ओळ मोठ्याने वाचली. सेइनी, त्याने हातातली थाळी खाली ठेवली. पंचेचाळीस वर्षांत बहिणीपुढे त्याने अंगाबिंगाचा विषय काढला नव्हता. म्हणाला, "मी एकशे चाळीस होतो. पोरगी माझीही आहे. यापुढे हिला एकटीला बोल लावायचा नाही." वन्सं उठून गेल्या. आठवडा झाला, आमच्याकडे फिरकल्या नाहीत. गावात लोक आता त्याला नावं ठेवतात. तो सकाळी आकेसाबरोबर धक्क्यापर्यंत चालतो. दोघांना धाप लागते, मध्ये दोनदा बसतात.

मला वाटलं होतं, तो बोलला की माझ्या मनावरचं उतरेल. पण आकेसा दाराआड होती. तिने सगळं ऐकलं. संध्याकाळी बोट टोचून घेताना म्हणाली, "मी मोठी झाले की मूल होऊ देणार नाही. म्हणजे माझ्यासारखं कुणी होणार नाही." अगदी शांतपणे, शाळेतला धडा म्हणावा तशी.

मी तिचं बोट पुसून दिलं. याचं उत्तर तुला सुचलं तर तिलाच लिही.

जपून राहा. आमचा जीव तुझ्यापाशी आहे.

तुझी ताई


मांगेरे, ऑकलंड
दि. १९ नोव्हेंबर २००७

चि. आकेसा हिस,

मावशीचे अ. उ. आ. तुझं मे महिन्यातलं बोलणं आईने मला कळवलं होतं. उत्तर द्यायला सहा महिने लागले, कारण मला ते येत नव्हतं.

तुला मावसबहीण झाली. मलाही साखर निघाली होती, शेवटचे दोन महिने पोटात सुई टोचून घेत होते. तू रोज बोट टोचून घेतेस हे आठवलं की रडायची लाज वाटायची. बाळ पावणेपाच किलोंचं. जन्मल्याबरोबर तिची साखर एकदम खाली गेली, सहा दिवस काचेच्या पेटीत होती. परवा घरी आणली. पुढे काय होईल ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. वर्षावर्षाला दाखवायचं, एवढंच म्हणतात. मला भीती वाटते. तुझ्यापासून लपवत नाही.

पेटीत हात घालून मी तिची टोपी सारली, तर कान तुझे निघाले. वरून दुमडलेले, डावा जरा जास्त. मी फेलेतीला हाक मारून दाखवले. तुझ्यासारखं कुणी होऊ नये असं तू म्हणाली होतीस, पण बाळा, झालंय. मी ते कान पाहून तिथेच स्टुलावर बसले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

तुझी,
सेइनी मावशी